झगेवाल्याची माफी

पडद्यावरचा झगेवाला गुडघ्यावर आला आन् मागं बसलेली सगळी पोरं एकदम वरडली, "माफ कर, बुद्ध्या! गोल दाब, गोल!"

बुद्धरत्नचा आंगठा रिमोटच्या गोल बटनावरबी नव्हता आन् फुलीवरबी नव्हता. गोल दाबला की माफी. फुली दाबली की मुंडकं. भालकीच्या स्टँडमागल्या ह्या गेमच्या दुकानात झगेवाल्याला आजवर कुणीच गुडघ्यावर आणलं नव्हतं. बुद्धरत्नला त्यासाठी आठ दिवस लागले.

"मारायचं न्हाई बे त्याला," सिद्धराम म्हणला. त्यानं झगेवाल्यासारखी कपाळावरच्या केसाला चुन्याची पांढरी रेघ वढली होती. "लई सोसलंय त्यानं. ल्हानपणीच माय गेली."

"पैल्या लेव्हलला त्यानं गाव जाळलं तवा तूच शिव्या दिल्यास की. आठ दिवसात इसरलास?"

"कामून जाळलं ते सरांनी सांगितलं न्हाई का?"

"तुजं घर जळालं न्हाई. तुला काय जातंय माफ करायला?"

सर म्हंजे गुरुपादय्या. दुकान त्यांचंच. शाळेतून रिटायर झाले, तवा पुण्याला नोकरीला असलेल्या पोरानं त्यांना गेमचं मशीन आन् मोठा टीव्ही आणून दिला. गेममधलं बोलणं सगळं इंग्रजीत, ते पोरांना कळायचं न्हाई. मग सर मागं उभं राहून अर्थ सांगायचे. श्रावणात मठात पुराण सांगायचे, अगदी तसंच. मधीच कानडी, मधीच मराठी. राजा बोलला की आवाज जाड, माय बोलली की बारीक. झगेवाला उपाशी झोपला म्हणून सांगताना तर सरांनी चष्मा काढून डोळे पुसले होते. त्या दिवसापासून सगळी पोरं झगेवाल्याच्या बाजूची.

बुद्धरत्नला ह्यातच काहीतरी काळंबेरं दिसायलं होतं. शाळा आठवीत सुटली तरी इंग्रजी अक्षरं त्याला लागायची. पडद्यावर एकच ओळ यायची आन् सर पाच मिनटं बोलायचे.

दुसरं म्हंजे, सर त्याच्याशी एवढं गोड कामून वागायलेत?

दोन सालामागं ह्याच सरांनी आख्ख्या प्रार्थनेसमोर त्याच्याकडं बोट केलं होतं. शाळेत कम्प्युटर एकच. दसऱ्याच्या सुटीनंतर खोली उघडली तर तो जळून गेलेला. सर म्हणले, ह्यानंच. चोरून गेमची सीडी घातली आन् जाळला. "सर, सुटीत मी गावातच नव्हतो, घरच्यांबरुबर नागपूरला गेलतो, दीक्षाभूमीवर," बुद्धरत्न वरडून सांगायला होता. कुणी ऐकलं न्हाई. शाळेत बोलावलेल्या त्याच्या बापानं, बाबूलालनं, नागपूरला संगं असूनबी सरांच्या भ्यानं सगळ्यांदेखत त्याच्याच कानाखाली वढली. बुद्धरत्ननं दप्तर तितंच आपटलं आन् गेटाच्या बाहेर पडला, तो परत आत गेलाच न्हाई. आजबी गावात कुणाचा मोबाइल बंद पडला की लोक आधी त्याच्या हाताकडं बघत्यात.

ह्या दुकानात तो पैल्यांदा आला तो सरांशी भांडायलाच. सरांनी खुर्ची पुढं केली. रिमोट त्याच्या हातात दिला. "तू खेळ. तुजा हात चांगलाय," म्हणले. चहा मागवला. तवापासून रोज पैली पाळी त्याचीच. तो खेळायचा, पर एक कान मागं ठिवून.

आता पडद्यावर झगेवाल्याचं तोंड मोठं झालं. मागं बर्फ पडायला होता. तोंडाखाली दोनच शब्द उमटले.

सर बोलाय लागले. आज आवाज जाडबी नव्हता आन् बारीकबी नव्हता.

"तो म्हणायलाय... माझ्या ताब्यात एक यंत्र होतं. दसऱ्यातल्या आयुधपूजेचा दिवस, यंत्रं पुजायचा. सुटी होती, आसपास कुणी नव्हतं. मी एकट्यानंच ते चालू केलं. कुंकू लावलं, फुलं वाह्यली, आन् नारळ त्याच्यावरच फोडला. पाणी आत गेलं. धूर निघाला. पूजा सांगणाऱ्या घरातला माणूस मी. लोक काय म्हणतील? भ्यालो. आन् जे पोरगं त्या दिवशी गावातच नव्हतं, त्याचं नाव घेतलं."

सिद्धरामनं नाक वढलं.

"बिचारा," तो म्हणला. "दाब बे गोल. किती कळवळून सांगायलाय बघ."

बर्फाच्या मुलखात नारळ कुठून आला, हे एकाबी पोरानं इचारलं न्हाई.

बुद्धरत्ननं मान वळवली. सर पडद्याकडं बघतच नव्हते. ते त्याच्याकडं बघायले होते.

दोन सालामागं जितं बापाचा हात बसला होता ती जागा बुद्धरत्नला एकदम गरम लागली. आंगठा आपसुक फुलीवर गेला. तितंच थांबला. मग त्यानं मधलं बारकं बटन दाबलं. खेळ थांबला. झगेवाला गुडघ्यावरच राह्यला, तोंड उघडं, हात जोडलेले.

"अबे, थांबवलास कामून? माफ कर की!" पोरं कालवा करायली.

त्यानं रिमोट सरांच्या हातात दिला.

"उद्या प्रार्थनेला शाळेत या, सर. हीच गोष्ट तितं सांगा. झगेवाल्याच्या जागी तुमचं नाव घालून, आन् त्या पोराच्या जागी माजं. मग बघतो, गोल का फुली."