खंडेनवमीची वीज

खंडेनवमीला इचलकरंजीतले सगळे कारखाने बंद होते. त्यामुळे पवनचक्क्यांची वीज भरपूर उरली, आणि शकुंतला मगदूम यांच्या कारखान्यातल्या, वीज बघून माग चालवणाऱ्या संगणकी नियंत्रकाने ऐन पूजेच्या वेळी यंत्रमाग सुरू केले.

"बंद कर ते!" शकुंतलाबाई ओरडल्या.

"स्वच्छ वीज वाया जाईल," नियंत्रक म्हणाला.

"आणि वारा नाही म्हणून आम्हाला चार-चार दिवस बसवून ठेवतोस, ते?"

म्हातारे विणकर बाळाप्पा हळदीकुंकवाचं तबक घेऊन ताटकळले होते. "वहिनी, आज मागाला विसावा नसेल, तर उद्यापासून मी यायचा नाही."

शकुंतलाबाईंनी तबकातलं मूठभर कुंकू एका मागाच्या चालत्या कापडावर फेकलं.

"डाग पडला. माल वाया जातोय," म्हणत नियंत्रकाने तो माग थांबवला.

"करा पूजा," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि घरून कुंकवाचा डबा मागवा. अजून तेवीस चालू आहेत."