चौथा खड्डा

"पुन्हा पहिल्या लेव्हलपासून?" केतकीने लेकीला विचारलं. "अगं, सातवी झालीये तुझी!"

"माझी नाही, तुझी झालीये," नऊ वर्षांची चार्वी म्हणाली.

अपघातानंतर चार्वीच्या पाठीत चिप बसवली, तेव्हापासून हा जुना उड्यांचा गेम हाच तिचा व्यायाम होता. खुर्चीत बसून ती पाय जेवढा उचलेल, तेवढीच उडी पडद्यावरची खार मारायची. उडी कमी पडली, तर आईच्या हातातल्या रिमोटचं बटण चिपचा जोर वाढवायचं. अगदीच अडलं तर दाबा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पोरगी हिरमुसायला नको म्हणून केतकी ते प्रत्येक खड्ड्याला दाबत आली होती.

चार्वीला उभं करायचं की नाही, हे उद्याच्या तपासणीत ठरणार होतं. तिथे रिमोट चालणार नव्हता, म्हणून आज बटण दाबायचं नाही असं केतकीने ठरवलं होतं.

खार तीन खड्डे पार करून चौथ्यात पडली. पुन्हा पडली. सहाव्यांदा चार्वीचा पाय थरथरायला लागला आणि केतकीला राहवेना. ओढणीखाली तिने बटण दाबलं.

खार पलीकडे पोचली.

"सॉरी गं," केतकी पुटपुटली. "मी परत..."

"दाबलंस ना? माहीतच होतं मला!" चार्वी खिदळली. "सेल सकाळीच काढलेत मी. कंपासपेटीत बघ."

केतकीने रिमोट उघडला. आत खरंच काही नव्हतं.

"अहो, लवकर बाहेर या!" तिने आतल्या खोलीतल्या नवऱ्याला अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "चौथा खड्डा हिनं एकटीनं ओलांडलाय!"