बरंय

"सत्तरातल्या एकेचाळीस जणांनी एकच शब्द लिहिलाय," तेर्पस्ट्रा म्हणाले. "'बरंय'. म्हणजे प्रश्न मिटला. लांब माप सगळ्यांना चालतं. आखूड माप यादीतून काढून टाकतो."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कोठाराच्या टेबलावर दोन चिलखतं होती. एक लांब. तसलंच चिलखत तीन महिने सगळ्या कंपनीने यॉर्कशरच्या माळावर, चिखलात आणि पावसात अंगावर वागवलं होतं. दुसरं चार बोटं आखूड, नमुन्यादाखल आलेलं, अजून प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेलं नव्हतं. जुनी चिलखतं मोडीत निघायची होती. आज या टेबलावर जे ठरेल तेच पुढची पंधरा वर्षं फौजेच्या अंगावर राहणार होतं.

"एकच माप ठेवा, साहेब," कोठार सांभाळणारा कलर सार्जंट ऑलेरनशॉ चहा ढवळत म्हणाला. "दोन मापं म्हणजे मला दुप्पट फळ्या. आणि दुप्पट फळ्या म्हणजे लोक मागायला येणार. कोठार साठवायला असतं. वाटायला असतं तर त्याला कोठार कशाला म्हटलं असतं?"

दाराशी कॉर्पोरल ब्रॉन्वेन ट्रेहर्न उभी होती. मलमपट्टीचं सामान न्यायला आली होती. जखमी शिपायापर्यंत सरपटत जायचं आणि त्याचं रक्त थांबवायचं, हे तिचं काम. कंपनीत उंचीला सगळ्यात कमी तीच. पंधरवड्यात कंपनी एस्टोनियाला निघणार होती. त्या एकेचाळीस कागदांत एक कागद तिचाही होता.

तिने पेनाचं टोक कागदाकडे जाताना पाहिलं. सामान हातात मिळालं होतं. निघून जाता आलं असतं.

"सर," ती म्हणाली. "बरंय म्हणजे बरं नाही."

पेन थांबलं. तेर्पस्ट्रा हॉलंडचे. चिलखतांच्या चाचणीसाठी त्यांना मुद्दाम इकडे ब्रिटिश फौजेत नेमून आणलं होतं. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मग बरंय म्हणजे काय?"

ट्रेहर्नने ऑलेरनशॉकडे पाहिलं. त्याने कप खाली ठेवला.

"साहेब, मागे नॉर्वेत बर्फात माझ्या पायाचं बोट काळं पडलं," तो म्हणाला. "डॉक्टरने विचारलं, कसंय? म्हटलं, बरंय. त्याने तिथल्या तिथे बूट कापून काढला. तो आपल्यातलाच होता, म्हणून बाकीची नऊ शाबूत आहेत."

तेर्पस्ट्रांनी कागदांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला.

"आणि हे एकोणतीस? यांनी लिहिलंय, वाईट नाही. मी ते तक्रारीत धरलेत."

"तक्रारीत?" ऑलेरनशॉ खो खो हसला. "त्यातला एक मी आहे, साहेब. आम्ही सगळे सहाफुटी. आम्हाला ते झकास बसतं. परत मागाल म्हणून लपवून ठेवलंय काहींनी."

तेर्पस्ट्रा हसले नाहीत. "कॉर्पोरल, मग तुम्ही सरळ 'वाईट आहे' असं का नाही लिहिलं?"

"तसं कोणी लिहीत नाही, सर."

"आमच्याकडे लिहितात."

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चार पुरुषांनंतर रांगेत पाचवी उभी राहून तिने तो शब्द लिहिला होता. तिच्या आधीच्या चौघांनीही तोच लिहिला होता.

"दाखवा मला," तेर्पस्ट्रा म्हणाले.

तिने लांब चिलखत चढवलं, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि कोठाराच्या गार फरशीवर पालथी झाली. चिलखताची पाठीकडची कड मानेवर सरकली. त्या कडेने हेल्मेटला मागून ढकललं. हेल्मेट पुढे येऊन नाकावर बसलं.

"समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे. किती वाजले?"

"तुम्ही म्हणता तर असेल घड्याळ, सर."

ऑलेरनशॉ हसायला गेला आणि गप्प झाला. ट्रेहर्नने एका हाताने हेल्मेट वर उचलून धरलं होतं.

"असं धरलं की दिसतं," ती फरशीकडे तोंड करून म्हणाली. "पण मग एकच हात उरतो. एका हाताने शीर दाबून धरू, की पट्टी बांधू?"

ऑलेरनशॉ वाकला, पिशवी फाडली आणि आखूड चिलखत तिच्यासमोर ठेवलं. तिने ते बदललं. पुन्हा पालथी झाली. मान वर उचलली. हेल्मेट जागचं हललं नाही. दोन्ही हात पुढे मोकळे.

"अकरा वाजून दहा मिनिटं," ती म्हणाली. "आणि सर, तुमच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय."

तेर्पस्ट्रांनी खाली पाहिलं. खरंच सुटली होती. त्यांनी आधी नाडी बांधली, मग तयार अहवालावर एक आडवी रेघ ओढली, आणि बॅगेतून कोरा कागद काढला. त्यावर पहिल्यांदा दोन्ही मापं मोठ्याने म्हणत लिहिली, एकाखाली एक. ट्रेहर्नने फरशीवरूनच ती दोन्ही ऐकली.

ऑलेरनशॉ कुरकुरत उठला. भिंतीकडच्या एका फळीवरची जुनी तंबूची कापडं त्याने खाली ओढायला सुरुवात केली.

"आता नीट सांगा, कॉर्पोरल," तेर्पस्ट्रा पेन टेकवून म्हणाले. "हे कसंय?"

तिने फरशीवर पडल्यापडल्याच मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

"वाईट नाही, सर."

तेर्पस्ट्रांनी वर न बघता लिहिलं: उत्तम.