उलटा सदरा

झाडांवर बाण रंगवायला दाजींनी साफ नकार दिला. मदतीला आलेला सुदेश बिचारा रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तसाच उभा राहिला.

"ह्या वाटेर बाण कशाक व्हये?" दाजी म्हणाले. "माझे डोळे बांदा, मी खाडयेर जावन दाखयतंय."

यात फुशारकी काही नव्हती. वालावलच्या खाडीकडे उतरणारी ती रानवाट आजवर दाजींनीच मोकळी ठेवली होती. अलीकडे दसरा झाला की दर रविवारी कुडाळहून माणसं यायची. कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, सगळी हौसेनं राबणारी. पावसात माजलेली रानमोडी तोडायची, व्हाळाच्या पाण्यात वाहून गेलेले दगड पुन्हा बसवायचे. माणसं जमवली होती दाजींच्या लेकीनं, रश्मीनं. हुकूम मात्र दाजींचा. कोणी कोयता वाकडा धरला की त्याची बिनपाण्यानं व्हायची, आणि तरी पुढच्या रविवारी तो हजर.

यंदा म्हातारा जरा जास्तच तापत होता. दाजी सुदेशला सारखी गंगाराम म्हणून हाक मारायचे. आत्ताच साफ केलेल्या जागी पुन्हा कोयता घेऊन वाकायचे, आणि कोणी हसलं तर उखडायचे. वय झालं, दुसरं काय, असं रश्मी सगळ्यांना सांगायची. स्वतःचीही समजूत तशीच घालायची.

बाणांवरून बिनसलं आणि दाजी कोयता उचलून एकटेच पुढे गेले. जेवायची वेळ टळली तरी पत्ता नाही. डबे तसेच राहिले. माणसं हाका मारत खाडीपर्यंत जाऊन आली. उन्हं कलल्यावर दाजी सापडले, व्हाळाकाठी एका दगडावर बसलेले. मला शोधायला मी काय कुकुलं बाळ आहे, म्हणत त्यांनी सगळ्यांना फैलावर घेतलं. आडवं पडलेलं झाड तोडत होतो, म्हणाले. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मंडळी आपल्या गाड्यांकडे गेली आणि बापलेक घराकडे निघाली.

दाजी नेहमीसारखे पुढे. मागून चालताना रश्मीला दिसलं, त्यांच्या सदऱ्याच्या शिवणी बाहेर होत्या. मानेशी शिंप्याची चिठ्ठी लोंबत होती. दाजींनी सदरा उलटा घातला होता.

रानात चकवा लागला, माणूस फिरून फिरून त्याच जागी यायला लागला, की अंगातला सदरा काढून उलटा घालायचा. मग वाट सापडते. इथल्या पोरासोरांनाही हे ठाऊक असतं. रश्मीला ते दाजींनीच शिकवलं होतं. वर हसून म्हणाले होते, हे सगळं मुंबैकरांसाठी, आपल्याला कशाला लागतंय!

तिला रडू फुटत होतं. तिनं ते गिळलं आणि झपझप पुढे झाली.

"बाबा, माका आज वाट कळना नाय," ती म्हणाली. "मी फुडे ऱ्हवतंय. चुकलंय तर सांगा."

इतकी वर्षं या वाटेवर राबून तुला वाट कळत नाही, म्हणून एरवी त्यांनी तिला फाडून खाल्लं असतं. आज ते मुकाट्यानं तिच्या मागून चालू लागले. रश्मीला आता खरी भीती वाटली.

रान संपलं. घर कडेलाच होतं. त्यांची चाहूल लागताच माई, दाजींची बायको, पाण्याचा तांब्या घेऊन अंगणात आली. दुपारपासून रानातल्या हाका ऐकून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दाजींना धडधाकट बघून तिचे डोळे भरून आले. तिनं तांब्या पुढे केला.

दाजी घटाघटा पाणी प्यायले. तोंड पुसलं. मग अदबीनं, जरा ओशाळून, त्यांनी माईला हात जोडले.

"उपकार झाले, बाये. आता माझ्या घराची वाट तेवडी दाखय."