पाण्याला उतार

"आज परत मयूरीताईकडं?" सोमीनं विचारलं.

"पाइपाचं काम हाय," चपला घालता घालता उमेश म्हणाला. मान काही वर केली नाही.

एक पाइप आणि आठवडाभर काम! डहाणूतल्या बंगल्यांचे नळ नि मोऱ्या करण्यात उमेशचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण एका पाइपासाठी दुसरा दिवस त्यानं कधी लावला नव्हता. मयूरीताईंनी भांडी धुवायचं मशीन घेतलं. त्याचं सांडपाणी काढून द्यायला तो गेला, त्या संध्याकाळी घरी येऊन केवढा फुशारला होता! "मशीनच्या पाठीला पाइप वर उचलून बांधलेला, कमानीसारखा. पाणी कधी चढ चढतं काय? सोडला खाली, दिला मस्त उतार!" सोमीलाही नवऱ्याचा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मयूरीताईंचा फोन आला आणि तेव्हापासून गडी बदललाच.

रोज घरी येई तो अंगाला लिंबाचा वास घेऊन. बोटं पांढरी, सुरकुतलेली. नखांतला वर्षानुवर्षांचा मळ गायब! ज्यानं जन्मात स्वतःचं ताट उचललं नाही, तो काल म्हणतो कसा, "डाळ भातावरच घाल. वाटी कशाला उगाच?" तिकडं पोटभर खाऊन येत असणार, दुसरं काय!

मयूरीताईंचे यजमान हितेशभाई आठवडाभर वापीला असतात, हे आठवलं आणि सोमीच्या अंगाची लाहीलाही झाली. मशीन घेणाऱ्या बाईचे हात कसे लोण्यासारखे असतील! आपले मात्र राखेनं भांडी घासून घासून खरबरीत झालेले. तिला स्वतःच्याच हातांचा राग आला.

तिनं चुलीवरचा तवा उतरवला, पदर खोचला आणि रिक्षानं डहाणू गाठलं. दोघांना रंगेहाथ धरायचं, त्या बाईच्या झिंज्या उपटायच्या आणि सरळ चारोटीला माहेरी निघून जायचं. पुन्हा त्याच्या घराची पायरी चढायची नाही.

चिकूच्या झाडांआडून ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. आतून मयूरीताईंचं हसणं ऐकू आलं.

"आज लवकर सोडायची नाही हं मी तुला, उमेश!"

"तुम्ही सांगाल तसं, ताई," उमेश हळूच म्हणाला.

सोमीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं टाचा उंचावून आत पाहिलं.

मशीन भिंतीपासून ओढून उघडं टाकलेलं होतं. मयूरीताई बाजूला खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. "तुझ्या त्या उतारानं मोरीचं घाण पाणी उलटं आत शिरलं नि मशीन बंद पडलं. दुरुस्त होईस्तोवर हे तुझ्याच गळ्यात, तूच कबूल केलंयस."

मोरीत खरकट्या भांड्यांच्या ढिगापुढं उकिडवा बसून उमेश एक काळीकुट्ट कढई घासत होता.

"ताई," कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "आमची सोमी राख लावते, मग बूड कसं चकचकीत निघतं. इथं राख गावंल काय?"