मोहाखालचा पाला

सकाळी साडेसहाला नागपुरातल्या सोसायटीत, लिफ्टशेजारच्या फलकावर त्या दिवशीच्या हवेचा हिशेब उमटला: जंगलाचा धूर एकसष्ट टक्के, मोहाखालचा पाला, गाव चिचटोला. खाली सूचना होती, दम्याच्या मुलांना आज शहरातल्या कुठल्याही मैदानावर प्रवेश नाही.

यशोदा कुमरेच्या मुलीला, तनुजाला, दमा होता, आणि आज तिची जिल्ह्याची शर्यत होती. ती बूट घालून तयार उभी होती.

"चिचटोला म्हणजे तुमचं माहेर ना हो?" शेजारच्या देशकरकाकूंनी फलक वाचून विचारलं. दरवर्षी मोहाचे लाडू मागायला पहिल्या त्याच येत, पण आज त्यांना ते आठवत नव्हतं.

यशोदानं वडिलांना फोन लावला.

"बाबा, मोहाखालचा पाला पेटवला का?"

"मी कायले पेटवू? दुसऱ्या कोणी पेटवला असंन."

"फलकावर झाडंसुद्धा मोजून येतात, बाबा. अकरा आहेत."

"खोटं सांगते तुहा फलक! आपल्या वाटणीचे नऊच. दोन तुह्या काकाचे."

यशोदाला हसू आलं आणि रागही आला. "पाला झाडून नाही का काढता येत?"

"कंबर वाकत नाही, पोरी. अन् खाली पडलेली फुलं पाल्यात दिसत नाहीत."

"आज तनूची शर्यत होती."

पलीकडे बादली खडखडली. मग तिचे वडील सोमाजी म्हणाले, "थांब, आत्ता पाणी टाकतो."

"इथं आलेला धूर कालच तिथून निघालाय, बाबा."

तनुजा खाली बसली आणि नाड्या सोडू लागली.