जळक्या तेलाचा कॅन

"ह्या जळक्या तेलाचं म्हणे गाडीत घालायचं डिझेल होतं," कढईतलं तेल कॅनमध्ये ओतताना अनुसयाबाई पुटपुटल्या. त्यांच्या गाड्यावर वडे तळून उरलेलं हे काळं तेल डिझेलसाठी म्हणून नेणारा टेम्पोवाला ते दुसऱ्या गाडेवाल्यांना विकतो, असा त्यांचा पक्का संशय होता.

टेम्पो दर गुरुवारी दुपारी यायचा. तेव्हा त्या जेवायला घरी असत, कॅन नवरा द्यायचा. ह्या बुधवारी त्यांनी कॅनमध्ये गुपचूप मूठभर डांबरगोळ्या टाकल्या. इंजिनाला नाक नसतं, माणसाला असतं.

शुक्रवारी स्टँडपलीकडच्या गाड्यावर गिऱ्हाइकांनी भजी थुंकून टाकली. भज्यांना म्हणे कपड्यांच्या ट्रंकेचा वास येत होता.

पुढच्या गुरुवारी अनुसयाबाई जेवायला गेल्याच नाहीत. टेम्पो थांबताच त्या आडव्या आल्या. "आमचं जळकं तेल लोकांच्या पोटात घालतोस?"

टेम्पोवाला गोंधळला. "मावशी, महिना झाला, मला इथून थेंबभर तेल मिळालं नाही. उरतच नाही, असं काका सांगतात. तरी दर आठवड्याला विचारून जातो."

अनुसयाबाईंनी वळून पाहिलं. कांदा केव्हाच चिरून झाला होता, तरी नवरा मान खाली घालून सुरी चालवतच होता.